पार्किंगमधली जुनी जावा

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘जुन्या आठवणींवर काहीतरी लिहून द्या’ असं आपल्या सचिवांनी मला गणपतीतच सांगून ठेवलं होतं. मी बँकेत ३८ वर्षं काढली, पण लिहिण्याची सवय म्हणाल तर इन्स्पेक्शन रिपोर्ट आणि मेमोची उत्तरं एवढीच. त्यामुळे आज लिहितो, उद्या लिहितो असं चाललं होतं. मग मागच्या वार्षिक सभेतला विषय क्रमांक ७ आठवला : ‘पार्किंगमधील बंद व भंगार वाहने हटविणेबाबत’. त्या यादीत पहिलीच नोंद ‘बी विंग, जिन्याखाली, करड्या कव्हरमधील मोटारसायकल’ अशी होती. ती माझी. सभेत चार-पाच सभासदांनी माझ्याकडे वळून पाहिलं, मी मात्र मिनिट्स वाचत असल्यासारखा गप्प बसलो. तेव्हा जे बोलायला हवं होतं ते आता लेखी देतो.

आधी एक दुरुस्ती. गाडी बंद नाही. महिन्यातून एका रविवारी मी ती सुरू करतो, आणि तेव्हा जो निळसर धूर होतो त्याबद्दल पहिल्या मजल्यावरच्या वहिनींची तक्रार रास्त आहे. ‘भंगार’ हा शब्द मात्र मी मान्य करत नाही.

ती जावा २५० आहे, १९६८ सालची, गडद लाल रंगाची. टाकीच्या दोन बाजूंना गुडघे टेकवायला रबराचे पॅड, चेन पूर्ण झाकलेली, सिलिंडर एक पण सायलेन्सर दोन. सोसायटीतल्या मुलांना सगळ्यात गंमत वाटते ती किल्लीची. या गाडीला नेहमीसारखी दातेरी किल्ली नसतेच, हेडलाइटच्या वर एक भोक आहे, त्यात खुंटीसारखी एक वस्तू खुपसायची. ती हरवली तर योग्य जाडीचा खिळा चालतो. दुसरी गंमत म्हणजे किक आणि गिअरची दांडी एकच. दांडी आत दाबून वर फिरवली की किक, परत जागेवर आणली की गिअर, तीही डाव्या बाजूला. आजच्या मुलांना हे सांगितलं की त्यांना वाटतं आजोबा थापा मारतात.

जावा हे नाव कुठून आलं हे मला फार उशिरा कळलं. यानेचेक नावाच्या गृहस्थांनी १९२९ मध्ये प्रागमध्ये वाँडरर कंपनीच्या मोटारसायकलचं डिझाइन विकत घेऊन कारखाना सुरू केला, आणि आपल्या आडनावाची पहिली दोन अक्षरं आणि वाँडररची पहिली दोन अक्षरं जोडली. झेक लोक त्याचा उच्चार ‘यावा’ करतात. आपल्याकडे १९६१ पासून म्हैसूरच्या कारखान्यात या गाड्या तयार होऊ लागल्या. १९७३ पासून त्याच घराण्यातली येझदी आली. कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. २०१८ मध्ये हे नाव पुन्हा बाजारात आलं आहे, पण त्या गाडीचा आणि माझ्या गाडीचा संबंध नावापुरताच.

आता तरुण सभासद विचारतील, त्या काळी बँकेतल्या सरळमार्गी माणसाने स्कूटर सोडून मोटारसायकल का घेतली? कारण स्कूटर मिळत नव्हती, एवढंच. बजाजने इटलीच्या पियाजिओ कंपनीशी करार करून व्हेस्पा बनवायला सुरुवात केली, तो करार १९७१ ला संपला आणि १९७२ मध्ये चेतक आली. आकुर्डीचा कारखाना आमच्या पुण्यापासून हाकेच्या अंतरावर, पण कारखाना जवळ असून उपयोग काय? किती गाड्या काढायच्या ते सरकारच्या परवान्यावर ठरत असे. अनामत भरून नाव नोंदवायचं आणि वाट पाहायची. आठ-आठ, दहा-दहा वर्षं लोकांनी वाट पाहिली आहे. परदेशातला नातेवाईक डॉलर पाठवत असेल तर नंबर लवकर लागे. नंबर लागलेली गाडी शोरूमबाहेर आणून जास्त पैशाने विकणारेही होते. लग्न ठरवताना ‘मुलाचा बजाजला नंबर आहे’ असं सांगत. माझ्या थोरल्या बंधूंनी नाव नोंदवलं तेव्हा त्यांना मूल नव्हतं, आणि गाडी आली तेव्हा मूल पुढे उभं राहून हॉर्न वाजवत होतं. १९७५ नंतर साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सचा कारखाना झाला आणि तिथून प्रिया निघू लागली, तरी रांग काही संपली नाही.

मोटारसायकलींचं तसं नव्हतं. मद्रासची बुलेट मूळ इंग्लंडची, राजदूत पोलंडची, जावा झेकोस्लोव्हाकियाची. तिन्ही डिझाइनं जुनी, आणि आयातीवर बंधनं असल्यामुळे वर्षानुवर्षं तशीच चालू. शहरातल्या माणसाला बायको-मुलं आणि पिशव्या घेऊन जायला स्कूटर बरी, म्हणून मोटारसायकलीच्या वाट्याला जात असत ते दूधवाले, पोलीस, साखर कारखान्याचे शेतकी अधिकारी, गावोगाव फिरणारे डॉक्टर आणि आम्ही, म्हणजे राष्ट्रीयीकृत बँकांचे खेड्यातले अधिकारी.

१९ जुलै १९६९ ला १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि त्यानंतरच्या दहा वर्षांत ज्या गावांनी बँक पाहिली नव्हती तिथे शाखा उघडल्या गेल्या. मी १९७२ ला क्लार्क म्हणून लागलो तेव्हा या गोष्टीचा माझ्याशी काही संबंध येईल असं वाटलं नव्हतं. लक्ष्मी रोडवरच्या शाखेत टोकन द्यायचं, लेजर लिहायचं, सायकलने घरी यायचं. १९७८ च्या सुरुवातीला अधिकारी म्हणून बढती मिळाली आणि त्याबरोबर बदलीचा कागद : सातारा जिल्हा, माण तालुका. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, का ते पुढे कळेल.

माण तालुका ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी महाराष्ट्राचा हिरवा सातारा विसरून जावा. सह्याद्रीने पाऊस अडवल्यानंतर जे उरतं ते माणला. उघडे माळ, बोरी-बाभळी, मेंढरं, आणि वर्षातले बरेच महिने कोरडं पात्र घेऊन पडलेली माणगंगा. मी गेलो तेव्हा १९७२ च्या दुष्काळाला सहा वर्षं झाली होती, पण लोक काळ मोजताना ‘दुष्काळाच्या आधी’ आणि ‘दुष्काळानंतर’ असंच बोलायचे. कर्जप्रकरणं विहिरीची, ऑइल इंजिनची, मेंढ्यांची, म्हशींची. प्रत्येकाची स्थळपाहणी मी करायची. शाखेकडे ३० च्या वर गावं आणि वाड्या, एस.टी. दिवसातून दोनदा, तीसुद्धा मोठ्या रस्त्यावरून. पहिले काही महिने मी भाड्याच्या सायकलने फिरलो. एकदा विहीर बघायला पोचेपर्यंत चार वाजले आणि मी ज्याची विहीर बघायला गेलो त्या शेतकऱ्यानेच मला बैलगाडीतून परत आणून सोडलं. त्यावर आमचे मॅनेजरसाहेब म्हणाले, “अहो, कर्जदाराच्या गाडीतून आलात तर त्याच्या विहिरीला पाणी नाही असा रिपोर्ट कसा लिहिणार?”

मग स्टाफ व्हेइकल लोन काढलं. साताऱ्याच्या एका डॉक्टरांची ही जावा होती, नीट वापरलेली. माझा पगार तेव्हा हातात हजाराच्या आसपास, गाडी पडली ३,२०० ला. वडिलांना पत्राने कळवलं. त्यांचं पोस्टकार्ड आलं : ‘कर्ज वाटायला पाठवले आहे, काढायला नव्हे. जपून असावे.’ वडील पोस्टातून निवृत्त झालेले, जन्मभर सायकल.

गाडी घेतली, पण मला ती चालवता येत नव्हती. साताऱ्याहून गावापर्यंत ती आणली आमच्या शाखेच्या शिपायाने. मी मागे बसून आलो. सारं गाव त्यांना ‘मेजर’ म्हणायचं. ते काही मेजर नव्हते, नाईक म्हणून निवृत्त झाले होते, पण आपल्याकडे सैन्यातून आलेला प्रत्येक जण गावात मेजरच असतो. सिग्नल्समध्ये डिस्पॅच रायडर होते. वायरलेसवर पाठवता येत नाहीत असे कागद मोटारसायकलवरून एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यावर पोचवायचं काम. १९६५ ला पंजाबात होते. निवृत्त झाल्यावर माजी सैनिकांच्या राखीव जागेतून बँकेत शिपाई. माझ्यापेक्षा १४-१५ वर्षांनी मोठे. मी त्यांना ‘मेजर, तुम्ही’ म्हणत असे आणि ते मला ‘साहेब’. शिकवणीच्या वेळीही त्यात बदल झाला नाही, फक्त ‘साहेब’ म्हणण्याचा आवाज बदलायचा.

शिकवणी शाळेच्या मैदानावर, सकाळी सहाला. पहिले दोन दिवस त्यांनी इंजिन सुरूच करू दिलं नाही. पहिल्या दिवशी गाडी न्यूट्रलमध्ये घेऊन नुसती हाताने ढकलत मैदानाला दहा फेऱ्या. मग स्टँडवर चढवा, उतरवा. मग त्यांनी गाडी चक्क आडवी निजवली आणि म्हणाले, “उचला.” मी हँडल धरून ओढायला लागलो तर हलेना. “हँडल धरून न्हाई साहेब. पाठ तिकडं करा, बूड सीटला लावा, आन पायानं उठा. पडणार तर तुम्ही हायच. पडल्याली गाडी उचलता आली पायजे.” बारा-तेरा वेळा उचलली असेल. दुसऱ्या दिवशी मी कॅश काउंटरवर उभाच होतो, बसवत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पेट्रोल. टू-स्ट्रोक इंजिनला वेगळी ऑइलची टाकी नाही, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं, लिटरला साधारण ४० मिलि. कमी पडलं तर पिस्टन तापून सिलिंडरला धरतो, म्हणजे गाडी सीझ. जास्त झालं तर प्लग काळा आणि धुराचा लोट. कार्ब्युरेटरवरची छोटी कळ दाबून पेट्रोल किंचित सांडेपर्यंत थांबायचं आणि मग किक. उतारावर बराच वेळ थ्रॉटल बंद ठेवू नका, कारण पेट्रोल बंद म्हणजे ऑइलही बंद. खिशात जास्तीचा प्लग आणि पाना कायम. हे सगळं त्यांनी मला पाठ म्हणायला लावलं. मी बी.कॉम.ची परीक्षा इतकी तयारी करून दिली नव्हती.

त्यानंतर मैदानात धोंडे मांडून आठ आकडा. पहिल्या गिअरमध्ये, चालण्याच्या वेगाने. मला वाटायचं वेगात चालवणं अवघड, पण हळू चालवणं त्याहून अवघड आहे. मी दर वेळी नेमका एका धोंड्यावर जायचो. तेव्हा त्यांनी सांगितलेलं वाक्य मला आजही ऐकू येतं : “धोंड्याकडं बघू नगा साहेब. धोंड्याकडं बघितलं का धोंडाच लागतोय. जायाचं तिकडं बघा.” पुढे माझ्या दोन्ही मुलांना आणि आपल्या सोसायटीतल्या निदान सहा जणांना, त्यात ‘ए’ विंगमधल्या दोघी भगिनी आल्या, गाडी शिकवताना मी हेच सांगितलं. वाक्य माझं नाही, हे तेवढं सांगायचं राहिलं होतं.

मैदान सुटलं आणि मी रस्त्यावर आलो. रस्ता म्हणजे मुरमाचा. हे रस्ते कुठून आले ते मला कर्जदारांनी सांगितलं. १९७२-७३ ला शेतात काही नव्हतं तेव्हा सरकारने कामं काढली : पाझर तलाव, नालाबंडिंग, खडी फोडणं, रस्ते. वि. स. पागे यांच्या योजनेतून रोजगार हमी उभी राहिली, तिचा कायदा १९७७ ला झाला, पण माणच्या लोकांच्या हाताला खडीचे घट्टे त्याच्या आधीच पडले होते. एखाद्या वाडीकडे वळताना मागे बसलेले मेजर सांगायचे, “ह्यो तुकडा आमच्या घरच्यांनी केलाय. आठवड्याला पगार, मिलो जोंधळा, आन पोरास्नी सुकडी.” म्हणजे मी फौजेत होतो आणि बायको इथे खडी फोडत होती, असा त्याचा अर्थ. पुणेरी माणसाला हे ऐकून काय बोलावं कळत नाही. मी थ्रॉटल कमी करायचो, एवढंच.

लर्निंग लायसन्स काढलं होतं. मागे मेजर, त्यांचं पक्कं लायसन्स, म्हणजे कायद्याने ठीक. पुढे-मागे ‘एल’ रंगवलेल्या पाट्या होत्या. सहा-सात महिन्यांत मी बऱ्यापैकी चालवू लागलो आणि एक दिवस त्या पाट्या काढून टाकल्या. गावातली पोरं ‘एल साहेब’ म्हणायची, ते मला लागत असे. पक्क्या लायसन्ससाठी साताऱ्याला जायचं होतं, पण आज वसुली, उद्या इन्स्पेक्शन, परवा जूनचं क्लोजिंग, असं करता करता लर्निंगची मुदत संपून गेली. कामाचं निमित्त होतं हे खरं, पण काढलं असतं तर एक दिवसाचं काम होतं.

१९७९ चा सप्टेंबर. शनिवार होता. दुपारी शाखा बंद झाल्यावर आम्ही दोघं १२ किलोमीटरवरच्या वाडीत इंजिनाची पाहणी करायला गेलो. मला संध्याकाळची एस.टी. पकडून साताऱ्यामार्गे पुण्याला जायचं होतं, कारण दुसऱ्या दिवशी मुलगी बघायचा कार्यक्रम होता. वाडीत चहा झाला, दुसरा चहा झाला, आणि तेवढ्यात पाऊस आला. माणमध्ये पाऊस येतो तो असाच, नको तेव्हा आणि तासभरच. थांबल्यावर निघालो तेव्हा पाच वाजून गेले होते. वाटेत फरशीचा ओढा लागतो. फरशीवरून वीतभर पाणी चाललं होतं.

मेजर म्हणाले, “साहेब, थांबा. गाडी मी घेतो.”

मी म्हणालो, “मीच काढतो. एवढं काय त्यात?”

“शेवाळ हाय. पुढचा ब्रेक दाबू नगा. थोराटल एका जागी धरा.”

मी दुसऱ्या गिअरवर गाडी पाण्यात घातली. अर्ध्यापर्यंत व्यवस्थित गेलो. फरशीच्या कडेला पाण्याच्या वर एक दगड दिसत होता, हद्दीची खूण म्हणून बसवलेला. मी त्याच्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिलो. गाडी तिकडे जाऊ लागली, घाबरून मी पुढचा ब्रेक दाबला. जे व्हायचं ते झालं. मी पाण्यात फेकला गेलो, कोपर फुटलं. मेजरांचा उजवा पाय गाडीखाली. पोटरी तापलेल्या सायलेन्सरवर आणि गुडघा फरशीच्या कडेवर. मी उठलो, गाडीकडे पाठ केली, सीटला टेकलो आणि पायाने उठलो. पहिल्या झटक्यात उचलली. तेवढं एक मला नीट आलं.

मेजर ओरडले नाहीत. काठावर ओढून घेतल्यावर पाचेक मिनिटं डोळे मिटून होते. मग म्हणाले, “साहेब, ऐका. गाडी मी चालवत हुतो. तुम्ही मागं हुता.”

मी म्हणालो, “असं कसं?”

“तुमचं कच्चं लायसन संपल्यालं हाय. बघितलंय म्या. आन तुमची नोकरी बी अजून कच्ची. माझी पक्की हाय, फौजेची पेन्शन बी येती. मला काय हुतंय?”

बढतीनंतरचा माझा दोन वर्षांचा प्रोबेशनचा काळ संपायला तीन-चार महिने होते. मी ‘नको’ म्हणालो का? म्हणालो असेन. पण दुसऱ्यांदा म्हणालो नाही. दुधाच्या गाडीने त्यांना दहिवडीला आणि तिथून साताऱ्याला नेलं, अडीच महिने प्लॅस्टर. मी मात्र रात्रीच्या गाडीने पुण्याला गेलो, कारण त्यांनीच जायला लावलं. दुसऱ्या दिवशी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, कोपराला आत पट्टी बांधून, पोहे खात बसलो होतो.

पुढचं सगळं कागदावर झालं. वरून विचारणा आली : शिपायाने अधिकाऱ्याचं खाजगी वाहन कोणाच्या परवानगीने चालवलं? परवानगी नव्हती. त्यामुळे हा अपघात कामावरचा धरता येत नाही, विशेष रजा नाही, आणि निष्काळजीपणाबद्दल एक वार्षिक वाढ रोखण्यात येत आहे. नियमाला धरून होतं. जे त्यांच्यासमोर मांडलं गेलं त्यावर दुसरा कोणता निर्णय होणार? आमच्या शाखेत सर्व्हिस शीट लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं. ती नोंद मी केली. लाल शाईने, माझ्या अक्षरात, आणि खाली माझी सही. महिनाभराने माझं कन्फर्मेशनचं पत्र आलं, त्याची नोंद मॅनेजरसाहेबांनी केली, निळ्या शाईने.

रोखलेल्या वाढीचे पैसे मी द्यायला गेलो तर त्यांनी घेतले नाहीत. म्हणाले, “हिशोब वाढवू नगा.” गुडघा पूर्ण वाकेना, त्यामुळे त्यांना मांडी घालून बसता येत नसे आणि मोटारसायकलवर तर ते पुन्हा बसलेच नाहीत. मात्र माझी शिकवणी त्यांनी पुरी केली. शाळेच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून, पाय समोरच्या बाकावर ठेवून, तिथून ओरडायचे. मी ‘एल’च्या पाट्या पुन्हा रंगवून लावल्या होत्या. नवीन लर्निंग काढलं आणि १९८० च्या जानेवारीत साताऱ्याला परीक्षा दिली : आठ आकडा आणि हाताच्या खुणा. एकदाही पाय टेकला नाही. येताना कंदी पेढे आणले. मेजरांनी अर्धा पेढा खाल्ला आणि म्हणाले, “आता पाट्या काढा.”

१९८१ ला माझी बदली झाली. गाडी घेऊन पुण्याला आलो. स्वारगेटहून घरापर्यंत वडील एकदाच मागे बसले आणि उतरल्यावर ‘बरी आहे’ म्हणाले. पुढे १९८४-८५ पासून जपानी बनावटीच्या शंभर सीसीच्या गाड्या आल्या, लिटरमागे दुप्पट जाणाऱ्या, आणि जावा-राजदूतचे दिवस संपले. मीही एक शंभर सीसी घेतली. जावा विकायला बरेच जण मागत होते. विकली नाही. २५ वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा टेम्पोतून ती इथे आणली. बिल्डरने प्रत्येक फ्लॅटला एक स्कूटर धरून पार्किंग आखलं होतं, पहिल्या वर्षी सगळ्या सोसायटीत मिळून चार मोटारी होत्या, आणि जिन्याखालची ती जागा कोणालाच नको होती.

मेजर १९९८ मध्ये वारले. मला चार महिन्यांनी कळलं. २०१० ला निवृत्त होताना शेवटच्या आठवड्यात मी बँकेला पत्र लिहिलं : अमुक तारखेच्या अपघातात वाहन मी चालवत होतो, संबंधित कर्मचाऱ्याच्या शीटवरची नोंद चुकीची आहे, ती दुरुस्त व्हावी. उत्तर आलं दोन ओळींचं : त्या काळातील अभिलेख नियमानुसार नष्ट केले आहेत, सबब कार्यवाहीचा प्रश्न उद्भवत नाही. अशी पत्रं मी स्वतः शेकड्याने सही केली आहेत, त्यामुळे राग आला नाही.

यंदा फेब्रुवारीत मुलाला घेऊन त्या गावी गेलो. फरशीच्या जागी आता उंच पूल आहे. मेजरांच्या मंडळी घरीच होत्या, ऐंशीच्या पुढे, पण नजर शाबूत. मी पायापाशी बसून सगळं सांगितलं. ४५ वर्षं जुळवून ठेवलेली वाक्यं, निम्मी विसरलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “ठावं हाय की. त्याच रातीला सांगितलं हुतं त्यांनी. बाहीर बोलायचं न्हाई म्हणाले, म्हून न्हाई बोलले.” म्हणजे त्यानंतर दोन वर्षं त्यांच्या घरी मी हुरडा खाल्ला, शेंगा खाल्ल्या, दर दिवाळीला फराळाला बसलो, तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं.

हा मजकूर छापायला देण्याआधी आमच्या सौ.ला वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “आमच्याकडे आलात तेव्हा डावा हात अवघडून धरला होतात. माझ्या आईला वाटलं हातात काही खोट आहे. दोन दिवस त्यावर चर्चा झाली घरात.” हे तिने मला इतकी वर्षं सांगितलं नव्हतं.

मेजरांचा नातू चाकणला मोटारींच्या कारखान्यात आहे. त्या दिवशी तो सुट्टीवर घरी आला होता. मला एवढंच विचारलं, “आजोबांनी साताऱ्याहून आणलेली ती गाडी अजून आहे का?” मग दोनदा आपल्या सोसायटीत येऊन गेला, तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. कार्ब्युरेटर साफ केला, वायरिंग बदललं, आणि दुसऱ्या किकला गाडी सुरू केली, जी मला हल्ली आठव्या किकला होते. कागद त्याच्या नावावर करण्याचं काम चालू आहे. दिवाळीनंतर तो ती घेऊन जाईल, टेम्पोतून नव्हे, चालवत.

तेव्हा विषय क्रमांक ७ मधली पहिली नोंद समितीने वगळायला हरकत नाही. जिन्याखालची जागा रिकामी होईल. ती स्कूटरच्या मापाची आहे, मोटार तिथे बसत नाही, मी मोजून पाहिलं आहे, त्यामुळे त्यावरून भांडू नये. आणि खुंटीची किल्ली मी नातवाला दिली असली तरी चौथ्या मजल्यावरच्या छोट्या दोस्ताने माझ्याकडून नेलेला खिळा परत आणून द्यावा, तो बरोब्बर मापाचा आहे.